माझी बोटं नेमकी कोणत्या खात्यात येतात?

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य विभाग आणि मा. वैद्यकीय शिक्षण विभाग,
महाराष्ट्र शासन

स. न. वि. वि.

दोन खात्यांना मिळून एकच पत्र लिहिते आहे, त्याचा राग मानू नये. दोन वेगळी पत्रं लिहिली असती तर एकाने दुसऱ्याकडे बोट दाखवलं असतं, आणि बोटं हाच तर माझा विषय आहे.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या झरी-जामणी तालुक्यात अंगणवाडी सेविका आहे. आठ वर्षांपासून मला संधिवात आहे. उतारवयातली गुडघेदुखी नव्हे. डॉक्टर ज्याला रूमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात आणि वैद्य आमवात म्हणतात, तो. यात कुंपणच शेत खातं. रोगाशी लढायची शरीराची ताकद स्वतःच्याच सांध्यांवर उलटते. हे पत्रही मी हाताने लिहिलेलं नाही. फोनपुढे बोलत गेले, फोन टाईप करत गेला आणि मुलीने मागाहून दुरुस्त केलं. मेथोट्रेक्सेट या माझ्या औषधाचं फोनने 'मेथी तर शेत' केलं होतं. आणखी काही राहून गेलं असेल तर सांभाळून घ्यावं.

आधी माझ्या दवाखान्याच्या तारखेच्या दिवसाबद्दल सांगते.

हा आजार पहाटेचा आहे. रात्रभर अंग एका जागी राहिलं की सांधे गोंदात बुडवून वाळवल्यासारखे होतात. मूठ वळत नाही, नाडी बांधता येत नाही, दात घासायचा ब्रश धरता येत नाही. सैल व्हायला तास-दीड तास लागतो. आणि सरकारी ओपीडी सकाळची असते. म्हणजे ज्या वेळी माझं शरीर सगळ्यात वाईट असतं, नेमकं त्याच वेळी मला बसमध्ये असावं लागतं. म्हणून मी अडीचला उठते. गरम पाण्याच्या बादलीत हात बुडवून बसते. मुलगी वेणी घालून देते. मालक मोटरसायकलवर पांढरकवड्याला आणतात. खड्डा आला की मी नाही, माझे खांदे ओरडतात. तिथून नागपूरची गाडी. वडकी, हिंगणघाट, जाम, बुटीबोरी. दीडशे किलोमीटर.

एसटीची पायरी किती उंच असते हे आपण कधी मोजलं नसेल. वर चढायला दांडा घट्ट धरावा लागतो, मनगट वळवावं लागतं. मागून लोक ढकलत असतात. एकदा कंडक्टर म्हणाला, "बाई, चढा न लवकर, गाडी लेट हून राहिली." त्याचंही बरोबर होतं. दिसायला मी धडधाकट दिसते. हातात काठी नाही, पायाला प्लास्टर नाही. या आजाराचं हेच आहे, सकाळी लाकूड आणि दुपारी माणूस. सासूबाई सुरुवातीला म्हणायच्या, "सकाळी नाटक अन् दुपारी बरी." आता त्याच सकाळी चहाचा कप माझ्या दोन्ही तळहातांत नीट ठेवतात.

नागपूरला पोचायला नऊ वाजतात. नोंदणीची रांग, केसपेपर, मग ओपीडीची रांग. आतली डॉक्टर माझ्या मुलीपेक्षा थोडीच मोठी असेल. ती माझं एकेक बोट दोन्ही अंगठ्यांनी दाबून बघते, मनगट, कोपर, खांदे, गुडघे, सगळं. अठ्ठावीस सांधे मोजायचे असतात, तिनेच एकदा सांगितलं. तिच्याबद्दल माझी काडीचीही तक्रार नाही. बाहेर एवढी गर्दी असताना ती अठ्ठावीस मोजते हेच खूप झालं. मग ती म्हणते, रक्त तपासून घ्या. रक्त दिलं की रिपोर्ट संध्याकाळी नाही तर दुसऱ्या दिवशी. तोवर ओपीडी उठलेली. वाताची ओपीडी रोज नसते. मग एकतर व्हरांड्यात चटई टाका, नाहीतर पुढच्या वारी परत या. एका तारखेच्या दोन खेपा होतात त्या अशा. 17 मार्च 2023 पासून आम्हा बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, ते खरंच उपयोगी पडतं. पण सोबतच्या माणसाचं पूर्णच लागतं, त्याची रोजी बुडते ती वेगळी. वेचणीच्या दिवसांत तर शेताचंच नुकसान.

दुसऱ्या खेपेला डॉक्टर रिपोर्ट बघते. पांढऱ्या पेशी ठीक, लिव्हर ठीक, किडनी ठीक. आणि म्हणते, "छान आहे ताई. तेच चालू ठेवा."

बसचेच जाऊन-येऊन तीनशे किलोमीटर, दोन वेळा, म्हणजे सहाशे किलोमीटर मी 'तेच चालू ठेवा' हे तीन शब्द ऐकायला जाते. वर्षातून चारदा. गेल्या आठ वर्षांतल्या माझ्या बहुतेक तारखा याच वाक्यावर संपल्या. औषध खरोखर बदललं ते पाच-सहा वेळा. त्या पाच-सहा वेळांसाठी मी गडचिरोलीच्या टोकाच्या सिरोंच्याहूनही गेले असते. माझं गाऱ्हाणं उरलेल्या वेळांचं आहे. हे तीन शब्द मला तालुक्यात का ऐकायला मिळू नयेत?

ऐकायला मिळत नाहीत, कारण माझा आजार ओळखणारा डॉक्टर नागपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात, म्हणजे वैद्यकीय शिक्षण खात्याचा, आणि मला चालत गाठता येईल तो दवाखाना आरोग्य खात्याचा. वैद्यकीय महाविद्यालयाची चिठ्ठी घेऊन मी जवळच्या एका सरकारी दवाखान्यात गेले होते. चिठ्ठीवर तीनच तपासण्या लिहिल्या होत्या: रक्तपेशींची सीबीसी, लिव्हरची एसजीओटी-एसजीपीटी आणि किडनीची क्रिएटिनिन. उत्तर मिळालं, "ही चिठ्ठी आमच्याकडची नाही." गंमत म्हणजे या तिन्ही तपासण्या त्या दवाखान्यात होतात. रोज गाडी येते, नमुने घेऊन जाते, रिपोर्ट येतो. गरोदर बाईच्या रक्ताला ती गाडी चालते, तापाच्या रोग्याला चालते. माझ्या रक्ताला कोणत्या कागदाची अट आहे, ते मला अजून कळलेलं नाही. औषधाचंही तसंच. 15 ऑगस्ट 2023 पासून आरोग्य खात्याच्या दवाखान्यांत उपचार मोफत झाले, हा निर्णय मला मनापासून आवडला. पण वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं त्यात नव्हती. जिथे मोफत आहे तिथे माझं औषध नाही आणि जिथे माझं औषध लिहिणारा आहे तिथे केसपेपरपासून पैसे. महात्मा फुले योजनेचं कार्ड माझ्याकडे आहे, पाच लाखांचं. पण ते मुख्यतः दाखल झालेल्या रोग्यासाठी. माझा आजार दाखल होत नाही, तो घरीच राहतो. त्याला खाट नको, दर तीन महिन्यांनी एक सुई भरून रक्त काढणारं कुणीतरी हवं.

आता मागे जाते, कारण आजार कळायलाच इतका वेळ का लागला हे सांगितल्याशिवाय मागणीला अर्थ नाही.

2017 च्या पावसाळ्यात माझ्या उजव्या हाताची दोन पेरं सुजली. पोरांना वजनकाट्याला अडकवताना हूक दाबता येईना. भाकरी थापताना मनगटातून कळ जायची. गावात आठवड्याला येणाऱ्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, दोन दिवस बरं वाटलं. सासूबाई म्हणाल्या, वात भरला, लसूण खा. खाल्ला. मग कुणी बाजारातल्या पुडीचं नाव काढलं. नाव म्हणजे काय, पुडीवर नावच नव्हतं. कागदात बांधलेली भुकटी, सकाळ-संध्याकाळ. तिसऱ्या दिवशी मी विहिरीवरून पाणी आणलं! सगळं घर त्या पुडीवाल्याला दुवा देत होतं. दोन महिन्यांत माझं तोंड गोल झालं. बायका म्हणायच्या, "माय व, तुही तब्येत तं मस्त सुधारली." ती तब्येत नव्हती, सूज होती. अशा बिननावाच्या पुड्यांत बऱ्याचदा स्टेरॉईड असतं हे मला फार उशिरा कळलं. स्टेरॉईडने सूज उतरते पण आजार आत चालूच राहतो, वर साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात, आणि एकदम बंद केलं तर माणूस कोसळतो. पुडीवाला एक बाजार आला नाही, आणि मी कोसळलेच.

जिल्ह्याच्या ठिकाणी हाडाच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी एक्स-रे काढला, तो चांगला निघाला. कॅल्शियमच्या गोळ्या लिहून दिल्या. मी अडतीस वर्षांची होते. नंतर समजलं की पहिल्या काही महिन्यांत या आजारात एक्स-रे बहुतेकदा चांगलाच येतो; तो वाईट येतो तेव्हा हाड झिजून गेलेलं असतं. शेवटी कुणी ओळखलं? यवतमाळला आमचं प्रशिक्षण होतं, तिथे एका सिस्टरने मला पेन धरताना पाहिलं. म्हणाली, "ताई, हे हाडाच्या डॉक्टरचं काम नाही. नागपूरला वाताचा डॉक्टर गाठा." आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी, या आजाराच्या रक्ताच्या दोन्ही तपासण्या जोरात आल्या. पहिली सूज ते खरं औषध, सोळा महिने गेले. या आजारात सुरुवातीचे तीन ते सहा महिने सोन्याचे असतात, तेव्हा औषध लागू झालं तर सांधे वाचतात. ते महिने मी लसणाच्या पाकळ्या मोजण्यात घालवले. माझ्या उजव्या हाताची बोटं आता करंगळीच्या बाजूला कलंडली आहेत. ती सरळ होणार नाहीत. ते मी सोडून दिलंय.

तुम्ही म्हणाल, एका बाईचं नशीब. तसं नाही. आमच्या भागात दुखणाऱ्या सांध्याला सोबती फार आहेत. यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांतल्या कित्येक गावांच्या भूजलात फ्लोराईड आहे. पोरांचे दात पिवळे, म्हाताऱ्यांच्या पाठी आखडलेल्या. त्यामुळे कुणाचंही काही आखडलं की "पाणीच तसं आहे" म्हणून विषय संपतो. पूर्व विदर्भात सिकलसेल आहे, त्यातही हाडं-सांधे ठणकतात. चिकनगुनियाची साथ येऊन गेली की पुढे वर्षभर लोक सांधे धरून बसतात. या सगळ्या गर्दीत माझा आजार सहज लपून राहतो. तरुण पोरांच्या कमरेचा एक आजार आहे, पहाटे कंबर लाकूड होते आणि कामाला लागलं की मोकळी होते, त्यालाही लोक ट्रॅक्टरचं दुखणं म्हणून सोडून देतात. ओळख पटवणं अवघड नाही, पण कुणी शिकवलेलं नाही. सकाळचा आखडलेपणा अर्ध्या तासाहून जास्त टिकतो का, बोटांच्या मुळाची पेरं सुजलीत का, आणि हस्तांदोलन केल्यासारखा हात हलकेच दाबला तर कळ जाते का. एवढं बघायला एमडी लागत नाही. आमच्या उपकेंद्रातली समुदाय आरोग्य अधिकारी ते दोन मिनिटांत करू शकेल. मी स्वतः करते, खरं सांगायचं तर. हळदीकुंकवाला बायकांचे हात हातात घ्यायची सोय असते.

हा आजार श्रीमंतांचा, शहरातला, असाही एक समज आहे. पुणे जिल्ह्यातल्या भिगवणमध्ये 1996 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कार्यक्रमाखाली डॉ. अरविंद चोप्रा यांच्या चमूने घरोघर जाऊन सांधेदुखीची पाहणी सुरू केली. खेड्यातच केली, मुद्दाम. त्यात रूमॅटॉइडचं प्रमाण प्रौढांमध्ये शेकडा अर्ध्याच्या घरात आढळलं. म्हणजे दोनशे माणसांत एक. पन्नास हजार प्रौढांचा तालुका धरला तर अडीचशे माणसं. त्यात बायका पुरुषांच्या दुपटी-तिपटीने जास्त. हे अडीचशे लोक आमच्या तालुक्यात आहेत कुठे? क्षयरोगाची यादी आहे, सिकलसेलची आहे, बीपी-शुगरची आहे, कुपोषित बालकांची तर माझ्याच फोनमध्ये आहे, रोज भरते. सांध्यांची यादी कुठल्याच रजिस्टरमध्ये नाही. सिकलसेलच्या रोग्याला कार्ड मिळतं, एसटीत मोफत प्रवास मिळतो, आणि ते योग्यच आहे. यादी झाली म्हणून सोय झाली. आमची यादी नाही म्हणून आम्ही नाहीच.

आता अशी एक गोष्ट सांगते, जिच्यामुळे हे पत्र लिहायला घेतलं.

मेथोट्रेक्सेट ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज नाही. आठवड्यातून एकदा, आणि दुसऱ्या दिवशी फॉलिक ॲसिड. अडीच मिलिग्रॅमच्या सहा पिवळ्या गोळ्या मी मंगळवारी रात्री घेते. मंगळवार आमच्याकडे बाजाराचा दिवस, म्हणून विसरत नाही. आमच्या शेजारच्या गावात एक बाई आहे, माझ्याहून लहान. तिलाही नागपूरहून हेच औषध लिहून मिळालं. चिठ्ठी इंग्रजीत. गोळ्या संपल्या तेव्हा तिने गावाजवळच्या दुकानातून घेतल्या, आणि दुकानातल्या पोराने पाकिटावर 'रोज 1' असं लिहून दिलं. तिने अकरा दिवस रोज घेतली. तोंडभर फोड आले, पाणी गिळता येईना, ताप चढला. रक्तातल्या पेशी पडल्या होत्या. तीन आठवडे दवाखान्यात राहून वाचली. त्या अकरा दिवसांत तिला भेटलेली सरकारची माणसं मी मोजली: आशा ताई, एएनएम म्हणजे उपकेंद्रातली नर्स, आणि मी. तिघींपैकी कुणालाही ठाऊक नव्हतं की तिच्या घरात असं औषध आहे. माझ्या स्वतःच्या घरात तीच गोळी होती आणि तिच्याकडे ती आहे हे मलाही ठाऊक नव्हतं.

याच औषधाची दुसरी बाजू. गरोदरपणात ते चालत नाही, पोटातल्या बाळाला धोका असतो, दिवस राहायच्या बरेच आधी बंद करावं लागतं. माझ्याकडे गरोदर मातांची यादी असते, वजन, लोह, धनुर्वाताची लस, सगळं. 'सांध्याची गोळी चालू आहे का' असा रकाना नाही. मी पेन्सिलीने समासात लिहिते. वरून तपासायला येणाऱ्या मॅडमनी एकदा विचारलं, हे काय. मी सांगितलं. त्या म्हणाल्या, असू दे. त्यांचे आभार.

म्हणून मागणी. आधी काय नको ते सांगते, म्हणजे फाईल लगेच 'पदनिर्मिती' म्हणून बाजूला पडायची नाही. मला तालुक्यात वाततज्ज्ञ नको आहे. एमडीनंतर तीन वर्षं डीएम करून हा डॉक्टर तयार होतो, असे डॉक्टर देशातच थोडे आहेत, आणि ते झरीला येऊन राहतील असं मी समजत नाही. बिल्डिंग नको. विदर्भाच्या अनुशेषाचा हिशेब 1984 च्या दांडेकर समितीपासून ऐकतो आहोत. त्यात बिल्डिंगा पुष्कळ झाल्या. मला फक्त मधला माणूस हवा.

तो असा. नागपूरच्या तज्ज्ञाने लिहिलेली चिठ्ठी सहा महिने तालुक्याच्या दवाखान्यात चालावी. खातं कुणाचंही असो. त्या चिठ्ठीवरच्या तीन तपासण्या तिथे व्हाव्यात, रिपोर्टमध्ये आकडे हद्दीत असतील तर तिथल्याच वैद्यकीय अधिकाऱ्याने 'तेच चालू ठेवा' म्हणावं आणि गोळ्या द्याव्यात. हद्दीबाहेर असतील तर नागपूरला फोन. मेथोट्रेक्सेट, फॉलिक ॲसिड, हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन, सल्फासालाझीन, ही काही परदेशी औषधं नाहीत. राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत, जुनी आहेत, स्वस्त आहेत. महाग इंजेक्शनं, ज्यांना दोन ते आठ अंशांत ठेवावं लागतं, ती नागपूरलाच राहू द्या. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत आणि लोडशेडिंगमध्ये ती आमच्याकडे आणून नासवण्यात अर्थ नाही. एक बाई ती बर्फाच्या थर्मासमध्ये नेते, तिचा जीव सगळ्या रस्ताभर त्या थर्मासमध्ये असतो.

वैद्यकीय अधिकारी म्हणतील, मेथोट्रेक्सेट तर कॅन्सरचं औषध, आम्ही कसं द्यायचं? भीती खोटी नाही. कॅन्सरमध्ये ते फार मोठ्या डोसात देतात, आमच्यात थोड्या. पण प्राथमिक केंद्रात एकटा बसलेला डॉक्टर, समोर साठ रोगी, त्याने कुणाच्या भरवशावर हात घालावा? त्याला शिव्या देऊन काही होणार नाही. त्याच्या टेबलावर एका पानाचा मराठी तक्ता हवा, कोणता आकडा आला की गोळी थांबवायची एवढाच, आणि एक फोन नंबर, जो पलीकडे उचलला जातो. आणि गोळीच्या पाकिटावर मोठ्या अक्षरांत, मराठीत: आठवड्यातून एकदाच. वार लिहायला रिकामी जागा.

ई-संजीवनीचं, म्हणजे फोनवरून डॉक्टरला दाखवायच्या सरकारी सोयीचं, नाव कुणी काढेलच. ते आहे, 2020 च्या टाळेबंदीपासून घरूनही चालतं, मी दोनदा वापरलंही. आमच्या गावात नेटवर्क पाण्याच्या टाकीखाली येतं. टाकीखाली उभी राहून मी कॅमेऱ्यापुढे बोटं धरली. पलीकडच्या डॉक्टरांनी नीट ऐकलं. पण सांध्याची सूज दाबल्याशिवाय कळत नाही, ओल्या कणकेसारखी लागते ती, फोनला ते कसं कळणार? टेलिफोनची ओपीडी तेव्हाच कामाची जेव्हा माझ्या बाजूला कुणीतरी शिकलेला हात असेल. समुदाय आरोग्य अधिकाऱ्याला अठ्ठावीस सांधे दाबायला शिकवा. ती आकडा सांगेल, नागपूरची डॉक्टर ऐकेल. हे मी जोडून सांगते, कारण यंत्र पाठवून मोकळं व्हायची सवय सगळ्याच खात्यांना असते, आमच्याही.

आणि महिन्यातून एक दिवस तज्ज्ञ इकडे यावा. एक दिवस. गडचिरोलीत 'सर्च' संस्थेच्या शोधग्रामला बाहेरचे तज्ज्ञ ठरलेल्या दिवशी येऊन ओपीडी घेतात, लोकांना तारीख पाठ असते, माणसं आदल्या रात्री येऊन थांबतात. एका संस्थेला जंगलाच्या कडेला जे जमतं ते दोन खात्यांना मिळून जमू नये, असं मी तरी मानत नाही. 2024 च्या ऑक्टोबरात गडचिरोली, अमरावती, वाशिम, बुलढाणा, भंडारा इथे नवी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं एकदम सुरू झाली. यवतमाळ, अकोला, चंद्रपूर, गोंदिया आधीपासून आहेत. म्हणजे इमारती जवळ येत आहेत. वाताचा दिवस त्यांच्या फलकावर कधी लागणार, एवढाच प्रश्न आहे. आणि माझं एक ठीक आहे, हमरस्ता चाळीस-पन्नास किलोमीटरवर आहे. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की गडचिरोलीतल्या भामरागडचा रस्ताच बंद होतो. तिथल्या संधिवाताच्या बाईने मंगळवारच्या गोळ्या कुठून आणायच्या?

अंतर म्हणजे नुसते किलोमीटर नाहीत, हे मला दोन वेळा नीट कळलं. 2020 च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली, आणि त्याच आठवड्यात हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन ही माझी रोजची गोळी कोरोनावर चालेल म्हणून अचानक सगळ्या देशाला हवीशी झाली. लोकांनी डबेच्या डबे घरी भरून ठेवले. मग 26 मार्चला सरकारने चिठ्ठीशिवाय विक्रीवर बंदी घातली. बंदी बरोबर होती. पण माझी चिठ्ठी जुनी, नवी लिहिणारा डॉक्टर नागपूरला आणि गाड्या बंद. सात आठवडे गोळीशिवाय काढले. दुसऱ्यांदा एसटीचा संप. 2021 च्या दिवाळीच्या तोंडावर सुरू झाला तो पुढच्या एप्रिलपर्यंत चालला. त्यांच्या मागण्या खऱ्या होत्या, माझ्या भावकीतलाच एक चालक त्यात होता. खाजगी ट्रॅव्हल्सवाले मागतील तो भाव. त्या हिवाळ्यात माझ्या दोन तारखा चुकल्या, आणि डाव्या हाताचं मनगट त्याच हिवाळ्यात गेलं. चिठ्ठी तालुक्यात चालली असती तर ते वाचलं असतं का? कुणी छातीठोक सांगू शकणार नाही. पण मला तसं वाटत राहतं.

मला मानधन मिळतं, मी बसून काम करू शकते, म्हणून अजून उभी आहे. माझ्या माहितीतल्या बाकीच्या बायका कापूस वेचणाऱ्या आहेत. वेचणी म्हणजे चिमटीचं काम. बोंडाच्या वाळलेल्या टोकांतून कापूस काढायचा, ओटीत टाकायचा, किलोवर पैसे. सीतादहीच्या दिवशी पहिला कापूस वेचताना सगळ्या ओळीने उभ्या राहतात. ज्या बाईची चिमूट गेली तिला ओळीत कुणी बोलवत नाही, वाईट म्हणून नव्हे, तिचे किलो भरत नाहीत म्हणून. अपंगत्वाचा दाखला मागायला गेलं तर चाळीस टक्के भरावे लागतात, आणि तपासणी दुपारी असते. दुपारी आमची मूठ वळते.

माझी पुढची तारीख डिसेंबरात आहे. तेव्हा आपण सगळे हिवाळी अधिवेशनासाठी नागपुरात असाल. त्या दिवसांत शहरात मोर्चे, बंदोबस्त, रस्ते वळवलेले; गेल्या खेपेला आमची बस वर्धा रोडवर पाऊण तास उभी होती आणि माझा नंबर गेला. यंदा एक गाडी आधीची धरीन, म्हणजे दीडला उठेन. आपल्यापैकी कुणाला त्या आठवड्यात वेळ असेल तर वाताच्या ओपीडीच्या रांगेत सकाळी साडेनऊला येऊन उभं राहावं. कोणत्याही बाईला विचारावं, कुठून आली, आणि आत डॉक्टर काय म्हणाली.

आपली,
एक अंगणवाडी सेविका
ता. झरी-जामणी, जि. यवतमाळ

ता. क. उत्तर द्यायचं झालं तर माझा नंबर तिसऱ्याच एका खात्याकडे, महिला व बालविकासकडे, आहे. फोन दुपारनंतर करावा. सकाळी नऊपर्यंत मला तो उचलता येत नाही.